रंध्याचं पोट

गल्लीत तिला सगळे सुतारताई म्हणत. घरात ती नुसती ताई. आधी धाकटा भाऊ ताई म्हणायला लागला, त्याचं ऐकून आईही. बाबा गेल्यावर तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं. ती खोली पूर्वी धुणं वाळत घालायची होती. कामाचं टेबल खिडकीला लागून, हत्यारं भिंतीला, आणि त्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर. ताईनं हातोडा मारला की तिकडे बशा वाजायच्या. आईला राग आला की ती भांडी आपटायची, आणि इकडे पटाशा हलायच्या. मायलेकींची बरीचशी भांडणं अशी भिंतीतूनच व्हायची.

अलीकडे तिच्याकडे कामं यायची ती डुगडुगणाऱ्या खुर्च्यांची आणि फुगलेल्या दारांची. ती तेही नीट करायची. पण खुर्चीचा पाय बसवून झाला की तासभर हात रिकामे असायचे, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

धाकटा फर्निचरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. रविवारी जेवायला यायचा. जेवण झालं की मागच्या खोलीच्या दारात उभा राहून दात कोरायचा.

"ताई, आमच्याकडे ये. पंख्याखाली बसून पॉलिशपेपर घासायचा. झालं."

"मी घासत बसू, मग रंधा कोण मारणार?"

"मशीन मारतं."

"मग घासायलाही मशीनलाच बसव की. मला कशाला त्याच्या हाताखाली देतोस?"

तो हसायचा. तीही हसायची. भिंतीपलीकडून आई ओरडायची, "अगं, तो भल्याचं सांगतोय!"

अशातच गावातल्या जुन्या वाचनालयाच्या खिडक्या बदलायच्या निघाल्या. पार कुजल्या होत्या. त्यांच्या चौकटींना चारी बाजूंनी एक नक्षी होती. एक फुगीर गोलाई, तिच्याखाली बारीक खाच, मग आत वळलेली कड. तशी पट्टी आता कुठे मिळत नव्हती. ग्रंथपाल साहेबांनी ताईला बोलावलं, चौकटीचा एक तुटका तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "याला जोडून लावता येईल असा नमुना करून आणा. जमला तर सगळं काम तुमचं."

ती तुकडा ओढणीत गुंडाळून घरी आली. येताना वाटेत दोनदा उघडून पाहिला.

तशी पट्टी काढायची तर तसा रंधा हवा, आणि तसा रंधा करावाच लागतो. जुन्या तुळईचा एक ठोकळा तिनं बाबांच्या वेळेपासून जपून ठेवला होता. वाळून खडखडीत झालेला, नख मारलं तर नखच दुखेल असा. तिनं आधी त्याच्या रेषा पाहिल्या. रेषा कुठून कुठे धावतात ते कळल्याशिवाय ती लाकडाला करवत लावत नसे. मग रंध्याचं तोंड कोरलं, म्हणजे पातं जिथून खाली डोकावतं ती फट. पातं टेकायचा उतार पटाशीनं उतरवला. पाचर घासून घासून अशी बसवली की अंगठ्यानं दाबली तरी पातं हलेना.

मग आलं पोट. रंध्याची लाकडावरून सरकणारी बाजू, तिला ती पोट म्हणायची. नक्षीच्या रंध्याचं पोट नक्षीच्या उलटं असतं. पट्टीवर गोलाई हवी तर पोटात खळगा हवा. तिनं वाचनालयाच्या तुकड्याला काजळी फासली, त्यावर पोट दाबलं, जिथे काळं उमटलं तेवढंच कोरलं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा कोरणं. तिची बोटं, नाक, कपाळ सगळं काळं.

"आरशात बघ एकदा," आई म्हणाली. "कोळशाच्या गाडीवरून उतरल्यासारखी दिसतेस."

"उतरले नाहीये अजून. जेवायला वाढ."

शेवटच्या हाताला तिची गोल कानस घसरली. खळग्याच्या मधोमध एक सपाटी पडली, नखाएवढी. डोळ्यांना दिसेल न दिसेल, पण बोट फिरवलं की कळायची. आता ती काढायची तर सगळं पोटच एक पदर खाली न्यायला हवं होतं आणि पातंही पुन्हा घासायला हवं होतं. ताईनं रंधा टेबलावर ठेवला आणि हात धुतले.

कुणाला काही बोलली नाही. तिची सवयच तशी. चूक झाली की ती दुरुस्त होईपर्यंत तोंडातून काढायची नाही. बाबा म्हणायचे, हिचं तोंड आणि हिची पाचर, दोन्ही घट्ट.

दुसऱ्या दिवशी ती नवी कानस आणायला बाजारात गेली. त्या दुपारी धाकटा येऊन गेला, असं आई म्हणाली. कामाच्या दिवशी कसा काय, असं ताईनं विचारलं. "सहज," आई म्हणाली, आणि कुकरचं झाकण लावायला वळली.

खोलीत आल्यावर ताईनं रंधा उलटा केला. खाचेच्या कोपऱ्यात करडं काहीतरी अडकलं होतं. तिनं काडीनं खरवडून नाकाशी नेलं. जवसाच्या तेलाचा वास. लांबी होती, खिडकीच्या काचा बसवायला लावतात ती. वाचनालयाच्या तुकड्याची असेल, तिच्या मनात आलं, दाबताना चिकटली असेल. तुकड्यावर लांबीचा कणही नव्हता हे तिनं पाहिलं होतं. तरीही तिला तसंच वाटलं. आपल्या घरात आपल्याच रंध्यावर आणखी कुठून लांबी येणार?

तिनं सपाटी काढली. सगळं पोट एक पदर खाली नेलं, पातं त्याला जुळवलं. पहिल्या पट्टीवर रंधा फिरला तेव्हा लाकडाची साल अखंड निघाली, नक्षीच्याच आकाराची, फुंकरीनं उडेल अशी. ताईनं ती साल आईला दाखवली.

"छान आहे," आई म्हणाली. तिच्याकडे न बघता.

नमुने दाखवायच्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून वाचनालयात गेली. वरच्या मजल्यावर ग्रंथपाल साहेब होते, कमिटीचे दोघं होते आणि खिडकीपाशी हातात पट्टी घेऊन धाकटा उभा होता.

तिला आधी आनंदच झाला. आपल्यासाठी रजा काढून आला, असं वाटलं. ती काही बोलणार तेवढ्यात ग्रंथपाल म्हणाले, "हे कारखान्याचे सुपरवायझर. त्यांनीही नमुना आणलाय. तुमची ओळख आहे?"

धाकटा तिच्याकडे बघून नुसता हसला. अनोळखी माणसाला वाट देताना हसतात तसं.

"नाही. पण या बाईंचं काम चांगलं असतं, असं ऐकलंय."

या बाई.

ज्याला तिनं सायकल शिकवली, ज्याच्या फीसाठी बाबांच्या पाठोपाठ स्वतः करवत हातात धरली, तो तिला भर सभेत बाई म्हणाला. ती काही बोलू शकली असती. पण तिचं तोंड तिच्या पाचरीसारखं.

साहेबांनी कारखान्याची पट्टी आधी घेतली आणि जुन्या चौकटीला टोकाला टोक लावून धरली. ताई शेजारीच उभी होती. तिनं पाहिलं. गोलाईच्या मधोमध एक सपाटी होती. नखाएवढी.

माणूस आपलं अक्षर ओळखतो तशी तिनं आपली चूक ओळखली. ती सपाटी दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. जगात एकाच कानशीनं, एकाच दिवशी, एकाच हातून ती पडली होती. लांबी कुठून आली तेही तिला त्याच क्षणी कळलं. त्यानं पोटात लांबी दाबून ठसा घेतला होता आणि त्यावरून मशीनची पाती घासून घेतली होती. एवढ्या घाईत, की बोटसुद्धा फिरवून बघितलं नव्हतं.

साहेबांनी बोट फिरवलं. जुन्यावरून नव्यावर येताना बोट अडलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. "इथे काहीतरी राहतंय," ते म्हणाले.

"रंग दिल्यावर कळणार नाही, साहेब," धाकटा म्हणाला.

मग ताईची पट्टी लागली. बोट जुन्यावरून निघालं आणि सरळ टोकापर्यंत गेलं. जोड कुठे आहे ते शोधायला साहेबांना चष्मा काढून वाकावं लागलं. कमिटीतले एक म्हणाले, "बास, झालं की मग."

काम तिला मिळालं. ती खाली उतरायला लागली. जिन्याच्या वळणावर धाकट्यानं तिला गाठलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, ती चूक होती, तर सांगायचं नाही का?"

तिला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो. मालकांना काय सांगू? चुकलेला रंधा टेबलावर उघडा ठेवतं का कुणी? मला एका शब्दानं बोलली नाहीस. सख्ख्या भावाला."

"तू विचारलंस?"

"अगं, मी तुझ्यासाठीच करत होतो! काम आमच्याकडे आलं असतं तर नक्षीच्या विभागावर तुलाच घेणार होतो. मालकांशी बोलून ठेवलं होतं. पंख्याखाली बसली असतीस आयुष्यभर."

तो खरं बोलत होता. हेच सगळ्यात वाईट होतं. खोटं बोलला असता तर तिला त्याच्यावर नीट रागावता तरी आलं असतं.

"जा तू," ती म्हणाली. "मालक वाट बघत असतील."

घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती. डोळे सुजलेले. धाकट्याचा फोन येऊन गेला होता.

"त्याला नोकरीवरून काढतील म्हणतो," आई म्हणाली. "असं कसं केलंस गं तू?"

ताई दारातच थांबली. त्या दुपारी घरात आई होती. मागच्या खोलीला कडी होती, आणि ती घराच्या आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं होती.

"तूच उघडून दिलंस त्याला."

आईनं पदरानं ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता. "भाऊ आहे तुझा. बघू दे म्हणाला. मी काय नाही म्हणू? आणि तुझं काय वाईट होणार होतं त्यात? किती दिवस त्या खोलीत भुसा खात बसणार? मी मेल्यावर कोण बघेल तुला? मी पण आईच आहे ना."

"हो," ताई म्हणाली.

ती उभीच राहिली. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की ती वाट बघतेय. काम मिळालं का, एवढं विचारायचं होतं कुणीतरी. जिन्यावर धाकट्यानं विचारलं नव्हतं, त्याला माहीत होतं. आईनं विचारलं नव्हतं, तिला धाकट्याकडून कळलं होतं, आणि तेही फक्त तो हरला इतकंच.

"त्याच्या मालकांना तू भेटशील का?" आई म्हणाली. "चूक तुझ्या रंध्याची होती, असं सांग. तेवढं तर खरंच आहे."

"तेवढं खरं आहे," ताई म्हणाली. "पण मी जाणार नाही."

आईनं तिच्याकडे पाहिलं. असं उत्तर तिला या मुलीकडून पहिल्यांदाच मिळत होतं. पलीकडे, नेहमीच्या खिळ्यांवर, पटाशा गप्प होत्या.

"जेवणार आहेस का?" आईनं शेवटी विचारलं.

"नको. वाचनालयाचं लाकूड यायचंय संध्याकाळी. जागा करायची आहे."

ती मागच्या खोलीत गेली. साडीचा पदर खोचला आणि टेबल खिडकीपासून बाजूला सरकवायला लागली. जड होतं. एका माणसाला हलण्यासारखं नव्हतंच ते. आजवर दर वेळी दुसरं टोक धाकट्यानं धरलं होतं. तिनं टेबलाला पाठ टेकवली, पाय रोवले आणि सगळा जोर लावला. टेबल किंचाळत वीतभर सरकलं. भिंतीपलीकडे बशा वाजल्या. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा रेटा दिला.