'रिलायेबल' म्हणायला पुरावा काय?

आमचे धाकटे भावजी डब्यांच्या कारखान्यात नोकरी सोडणाऱ्यांना अनुभवाची पत्रं लिहून देतात. इंग्रजीत. आणि माणूस असा, की दुधात पाणी नसलं तर आज का नाही म्हणून विचारेल.

ज्या गुणाचा प्रसंग फाइलमध्ये नाही, तो शब्द पत्रात नाही, हा त्यांचा नियम. उशिराचा एकही शेरा नसेल तर 'पंक्चुअल'. सुट्टीच्या दिवशी येऊन काम उपसलं असेल तर 'हार्डवर्किंग'. लोक चार विशेषणं मागायला येतात आणि एक घेऊन जातात.

परवा रविवारी फाइल घेऊन घरीच बसले. माल पाठवण्याच्या खात्यातली एक बाई, अकरा वर्षं नोकरी. नवऱ्याची बदली झाली म्हणून गाव सोडत होती. नव्या कंपनीने सांगून ठेवलेलं, पत्रात 'रिलायेबल' असेल तरच गोदामाच्या किल्ल्या मिळतील. सोमवारी सकाळी ती पत्र न्यायला येणार.

"वहिनी, बघा ही फाइल. ना चूक, ना तक्रार, ना शाबासकी. अकरा वर्षांत? कुणीतरी कागद काढलेत."

"किंवा काही घडलंच नसेल."

"तुम्ही तिची बाजू का घेताय? ओळखता तिला?"

घ्या, आता संशय माझ्यावर.

त्यांनी पानं दिव्यासमोर धरून खाडाखोड शोधली. टाचणीची भोकं मोजली. मग नुसतं 'पंक्चुअल' लिहून पेनाला टोपण लावलं.

मी म्हटलं, "भावजी, बिनचूक कामाचा प्रसंग कोण लिहून ठेवतो? ती नव्हती तेव्हाचं बघा की."

तोंड वाकडं करत त्यांनी रजेचा कागद काढला आणि खात्याच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ नुसतं हं, हं.

"ती चार दिवस रजेवर होती," फोन ठेवून म्हणाले, "आणि तीन गाड्या भलत्याच पत्त्यावर गेल्या. तो शेरा तिच्या जागी बसलेल्याच्या फाइलमध्ये आहे."

"लिहिला कुणी?"

"मीच."

'रिलायेबल' लिहून झालं, सही झाली. तरी माझ्याकडे रोखून बघतच होते. "रजेचं तुम्हाला बरं सुचलं?"

"मी चार दिवस माहेरी गेले की या घराचं काय होतं, ते आठवलं."

भावजींनी पत्र पाकिटात घातलं. पाकीट चिकटवलं, मग नीट चिकटलंय का म्हणून इतकं उचकटून पाहिलं, की शेवटी दुसरं घ्यावं लागलं.