डबागाडीतलं माहेर

आमच्या थोरल्या दिरांच्या हातात एखादी वस्तू गेली आणि ती होती तशीच परत आली, असं माझ्या उभ्या संसारात एकदाही झालं नाही. छत्री दिली तर तिचा सांगाडा छताला उलटा टांगला जायचा आणि त्यावर शेवया वाळायच्या. चादरीच्या कारखान्यात ते मागांचे फिटर होते. दिवसभर बंद पडलेले माग चालू करायचे आणि घरी येऊन चालू असलेल्या वस्तू उघडून बसायचे. घरातल्या सायकलीला त्यांनी पिठाची चाळण जोडली होती. पायडल मारलं की पीठ चाळलं जायचं हे खरं, पण निम्मं पीठ पायडल मारणाऱ्याच्या डोक्यावर यायचं. जाऊबाई मला म्हणायच्या, "ह्यांच्याम्होरं लई येळ बसू नगंस बाई. तुला बी चाक लावतील."

बसायचा प्रश्नच नव्हता. थोरल्या दिरापुढे धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण मी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता आणि एक शब्द काढला नव्हता. त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर ते माझ्याकडे बघत नसत, पडवीतल्या पाण्याच्या रांजणाला सांगत. "रांजणा, आज एक भाकरी कमी टाक." "रांजणा, सदऱ्याचं बटन तुटलंय." मी आतून बांगड्या वाजवल्या की निरोप पोचला असं ते समजत. रांजणाशी त्यांचं इतकं बोलणं व्हायचं की शेजारच्या तेलुगू मावशींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या मोठ्या मालकांना बरं नसतं का. मी बरं आहे म्हटलं. आणखी काय सांगणार?

अशा माणसाच्या हाती एक दिवस अख्खी गाडी लागली. मोठा दुष्काळ सरून तेव्हा दोन वर्षं झाली होती. कारखान्यात चादरींचे गठ्ठे पोचवायला पत्र्याच्या बंद डब्याची एक गाडी होती. नवी गाडी आल्यावर ती आवारात पडून राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मालकांनी ती दिरांना देऊन टाकली. चौघांनी ढकलत ती आमच्या दारात आणली तेव्हा जाऊबाई सुपात ज्वारी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हे काय आणलंय म्हणायचं?"

"तुझं माहेर," दीर म्हणाले.

जाऊबाईंचं माहेर नातेपुत्याचं. आईवडील गेल्यावर भावानं घर विकलं आणि तो दूर नाशिककडे निघून गेला. त्या घरात आता खताची पोती भरलेली असत. पंचमी आली की आमच्या गल्लीतल्या लेकीसुना एकेक करून माहेरी निघायच्या. कुणाचा भाऊ मुराळी होऊन न्यायला यायचा, कुणाचा चुलता. मीही जायची. जाऊबाई आदल्या दिवशी न येणाऱ्या भावाचा उपास धरायच्या आणि दारात उभं राहून आम्हाला नीट जा म्हणायच्या. त्यांनी कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. पण त्या दिवशी घरातली सगळी भांडी, घासलेली असली तरी, पुन्हा घासायला काढायच्या. सात पंचम्या दिरांनी तो भांड्यांचा आवाज ऐकला होता. माहेर नाही तर नाही, आपण करू, आणि चाकावर करू म्हणजे ते विकून कुणाला पोती भरता येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. येत्या पंचमीला ते घर नेऊन नातेपुत्याच्या शिवारात उभं करायचं आणि बायकोला चार दिवस तिथं ठेवायचं.

"मी न्हाय बसायची त्या खुराड्यात," जाऊबाई म्हणाल्या.

"पंचमीला चार म्हैनं हायत. तवर खुराड्याचं घर हुतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. जाऊबाई गाडीत बसणार की नाही. दीर तो प्रश्न हातोडीनं सोडवत होते आणि जाऊबाई पाठ फिरवून.

मला मात्र त्या डब्याचं भारी कुतूहल. दीर कामावर गेले आणि जाऊबाई न्हाणीत शिरल्या की मी हळूच आत जाऊन बघून यायची. पहिल्यांदा गेले तेव्हा आत सुताचा आणि खळीचा वास होता आणि कोपऱ्यात एक अंडं होतं. पुढच्या खेपेला भिंतीला फळ्या लागल्या होत्या. मग खिडक्या झाल्या. दिरांनी त्या उभं राहून मापल्या होत्या, त्यामुळे आत बसलेल्या माणसाला नुसतं आभाळ दिसायचं. चूक कळल्यावर त्यांनी खाली दुसऱ्या दोन कापल्या, पण वरच्या बुजवल्या नाहीत. आभाळ बघायला राहू देत म्हणाले. गाडीला बाहेरून हिरवा रंग दिला, पण तो डब्यावर लिहिलेल्या कारखान्याच्या नावातल्या शेवटच्या शब्दापाशी संपला, म्हणून एका बाजूला मोठ्या अक्षरात "चादरी" एवढंच उरलं. दारात उभ्या गाडीपाशी थांबून लोक भाव विचारायचे. दीर प्रत्येकाला आत नेऊन सगळं घर दाखवायचे आणि चहा पाजायचे. एक म्हातारा वळसंगहून आलेला, लेकीच्या लग्नासाठी चादरी बघायला. तो तासभर आत बसला आणि जाताना म्हणाला, "चादर नसली तर नसूंदे, पर घर झ्याक हाय."

झोपायच्या फळीचं माप घेताना खरी पंचाईत झाली. जाऊबाई माप द्यायला आडव्या होईनात. तेव्हा एका सकाळी दीर रांजणापाशी येऊन म्हणाले, "रांजणा, ह्या घरातल्या थोरल्या बाईचा हात टाच न उचलता वरच्या खुंटीला पोचतो का, एवढं बघून ठेव." मी दिवसभर नजर ठेवली. संध्याकाळी जाऊबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली आणि मी बांगड्या वाजवल्या. त्यावरून फळी बेतली गेली. गादी आणि पडदे माझ्याकडे आले. कारखान्यात डाग पडलेल्या चादरी बाजूला काढत, त्यातल्या चार रांजणावर ठेवलेल्या मला सापडल्या. मी माझ्या हातमशीनवर दुपारी शिवत बसायची. जाऊबाई समोर शेंगा फोडत बसायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "शिव, शिव. तूच जाऊन झोप त्यात." पण एकदा मी पडद्याला साधी शिवण घातली तर त्यांनीच तो ओढून घेतला आणि उसवला. "झालर लाव की. माहेर म्हंतायत न्हवं?"

घर म्हटलं की देव आले. देवाचं तोंड पूर्वेला हवं, आणि गाडी तर वळणार. दिरांनी मागाचं जुनं बेअरिंग आणून देवाची फळी फिरती केली. गाडी कुठंही वळली तरी हातानं फळी फिरवून देव पूर्वेला करता यायचे. इंजिन दुरुस्त होऊन चालू झालं त्या पहिल्या दिवशी गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणली, तर देव आपोआप तीन वेढे फिरले आणि खंडोबाचा टाक पिठाच्या डब्यात सापडला. "देवाला गाडी लागली," दीर शांतपणे म्हणाले आणि फळीला खिटी बसवली. मग पाट्याचं निघालं. पाट्यावाचून कसलं घर, असं जाऊबाई दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलल्या होत्या. दिरांनी लगेच पाटा आणून गाडीच्या तळाला नटबोल्टनं आवळला. वरवंटा तसाच राहिला. चढावर गाडी चढताना तो घरंगळला, मागचं दार उघडून रस्त्यावर पडला आणि उतारानं चालू लागला. मागून येणारा एक सायकलवाला तो कॅरिअरला बांधून घरी देऊन गेला. जाऊबाईंनी पाणी देता देता त्याला विचारलं, "आमचं कुणी रस्त्यात न्हाय न्हवं पडलं?"

असं करता करता गाडीला उंबरा आला, कोनाडा आला, वातीचा स्टोव्ह आला, हळदीकुंकवाचा करंडा ठेवायला खाच आली. रोज संध्याकाळी दीर एक वस्तू लावायचे आणि जाऊबाईंकडे बघायचे. पंचमीला आठ दिवस उरले तेव्हा त्यांचं लावायचं संपलं. आता लावण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि जाऊबाई अजून गाडीत पाऊल टाकत नव्हत्या. त्या रात्री जेवताना दिरांनी भाकरी निम्मी ठेवली. आम्ही दोघी जेवायला बसल्यावर मी धीर करून विचारलं, "आक्का, का हो बसत नाही?"

त्या बराच वेळ कालवण चिवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुराळी आल्याबिगर बाई माहेराला जाती व्हय? आपली आपुन गाडीत चढून बसायचं, म्हंजे ते फिरायला जाणं झालं. मला न्यायला कोण आलंय?"

भिंतीपलीकडे दीर होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण तिकडच्या येरझाऱ्या थांबल्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी अजून माहेरी गेले नव्हते. माझा भाऊ संध्याकाळी येणार होता. आमचे हे कामावर गेलेले. दीर सकाळीच न सांगता गाडी घेऊन गेले होते. जाऊबाई उपाशीपोटी भांडी घासायला बसल्या होत्या. दहाच्या सुमाराला गाडीचा हॉर्न वाजला. बघते तर गाडी रोजच्या जागी अंगणात नव्हती, बाहेर गल्लीत परक्यासारखी उभी होती. दिरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते एरवी कधी बांधत नसलेला फेटा बांधला होता. हातात लाह्यांची पिशवी. त्यांनी चपला पार बाहेर काढल्या, ओट्याच्या अगदी कडेला टेकले आणि खाकरले.

"घरात कोण हाय का? नातेपुत्याच्या बाजूनं मुराळी आलोय."

जाऊबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "ह्येंला काय झालं गं?" त्या कुजबुजल्या.

दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या, आणि जिला न्यायचं ती बाई स्वतः पुढं होणार नाही. म्हणजे घरची म्हणून मीच उरले. मी तांब्या घेऊन गेले, ठेवला आणि वळले.

"थांबा की," ते म्हणाले. रांजणाला नाही, मला. "दीर असता तर गोष्ट येगळी. पाव्हण्याला काय लाजायचं?"

मी खांबाला धरून उभी राहिले. पाहुण्याला काय विचारतात ते मला ठाऊक होतं, तेच विचारलं. "वाटेत तरास न्हाय न्हवं झाला?"

"लई लांबून आलोय. दोनदा चाक बसलं," नाक्यापर्यंत जाऊन आलेले दीर म्हणाले. "घरची समदी बरी हायत?"

"बरी हायत."

"तुमचं थोरलं दीर?"

"ते बी बरं हायत," मी म्हणाले. मग कुठून सुचलं कोण जाणे, पण पुढं म्हणाले, "जरा चक्रम हायत."

"ऐकून हाय," मुराळी म्हणाले. "तुमच्या जावंला न्यायला आलोय. पाठवताय का?"

आतून जाऊबाईंचा आवाज आला. "मुराळी भाऊ हाय का कोण हाय, ते इचार."

"भाऊ न्हाय," ते चटकन म्हणाले. "भावाकडचा गडी हाय. गडी बी येतोच की मुराळी."

सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. आमच्या सासूबाई मुराळ्याला कधी सरळ हो म्हणत नसत, सरळ हो म्हटलं तर सून जड झाली असं दिसतं. मी म्हणाले, "न्या. पर पाच दिसाच्या आत आणून सोडा. हितं कामं पडल्यात."

"सासुरवास लई दिसतोय ह्या घरात," मुराळी म्हणाले, आणि आत जाऊबाईंना हसू फुटलं. पातेलं खाली पडल्याचा आवाज आला.

अर्ध्या तासानं त्या इरकल नेसून बाहेर आल्या. हातात बोचकं होतं. विरजण कुठं लावलंय ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. गाडीच्या उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि उजवा पाय आत टाकला. दिरांनी पुढची जागा फडक्यानं पुसून ठेवली होती. त्या तिकडं गेल्या नाहीत. "गड्याशेजारी बसून कुणी माहेराला जातं व्हय?" असं म्हणून मागं माझ्या पडद्याआड जाऊन बसल्या. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत झालर हलताना दिसत होती.

ती नातेपुत्याला पोचलीच नाही. मोडनिंबच्या अलीकडे इंजिनातलं पाणी उकळलं. एका विहिरीजवळ लिंबाखाली गाडी लावून ती दोघं तिथंच राहिली. वस्तीवरच्या बायका पंचमीचा झोका खेळायला जाऊबाईंना बोलवायला आल्या. कुणाकडची पाहुणी म्हणून विचारलं तर त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. चौथ्या दिवशी दोघं परत आली, तेव्हा मीही माहेराहून आले होते. दिरांनी फेटा सोडून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "रांजणा, चहा." मी बांगड्या वाजवल्या. त्यानंतर आमचं बोलणं पुन्हा कधी झालं नाही. मी बोलले ते त्या पाहुण्याशी, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

पाणी भरताना मी जाऊबाईंना विचारलं, "नातेपुतं नाही तर नाही, पण कसं होतं माहेर?"

त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली.

"सकाळी जाग आली तर उन्हं पार वर आलेली. वरच्या खिडकीतनं आभाळ दिसत हुतं. बाहेर ह्ये हळूहळू स्टोव्ह पेटवत हुते, मला आवाज जाऊ नये म्हणून. कुणी हाक मारली न्हाय." मग म्हणाल्या, "पडून राह्यले."

मी कळशी उचलून त्यांच्या कमरेवर दिली. माझं माहेर तेव्हा भरलेलं होतं, दोन भाऊ, दोन भावजया. दर पंचमीला मुराळी येई आणि मी जाई. पण तिथंही मी भावजयांच्या आधी उठायची.