पिल्लाची लागण

"पुरलं? भावजी, जित्तं पिल्लू पुरलं तुमी?"

वहिनी ओरडत होत्या आणि अख्ख्या कसबा बावड्यात साखर कारखान्याचा भोंगा लाजून गप्प बसला होता. आमची म्हैस त्या दिवशी आटली ती आटलीच. दोन घरांमधली वाटणीची भिंत कमरेएवढीच बांधली, याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला.

गुन्हा असा. वहिनींचं ऑर्किड बुडातून काळं पडत चाललं होतं. मरता मरता त्यानं वरच्या कांडीवर एक पिल्लू काढलं. तीन पानं, नखाएवढी मुळं. तेवढाच वंश. वहिनी चार दिवस माहेरी कोडोलीला गेल्या. जाताना मला बजावून गेल्या, नुसतं पाणी फवारा, मुळं बोटाएवढी झाली की मीच काढेन. आता तीस वर्षं उसाची लागण केलेल्याला झाड कोण शिकवणार? कांडी दिसली, डोळा दिसला, कोयत्यानं वर-खाली छाटली आणि पिल्लासकट काळ्या मातीत आडवी गाडली. वर कारखान्याची मळी, शेणखत आणि पाट फोडावा तसं पाणी. एवढ्यावर माझ्या रानात हत्ती लपेल असा ऊस येतो.

वहिनींनी बोटांनी माती उकरली. दोन पानं कुजलेली, मूळ एकच धड. त्यांनी पिल्लू धुतलं, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या कुंडीत काडीला बांधून उभं केलं.

"ह्याच्या मुळास्नी हवा लागती. ऊस न्हवं ह्यो."

त्यानंतर माझ्याकडे नुसतं बघायच्या आणि माझ्या हातावरची लव करपायची. गणपतीपर्यंत आई-झाड गेलं. दिवाळीचा फराळ आला, पण भिंतीवर ठेवलेला, कावळ्याला ठेवतात तसा.

संक्रांतीला पिल्लानं हिरव्या टोकाची मुळं सोडलेली दिसली. छाती फुगवून मी गेटातनं आत शिरलो, तिळगूळ पुढं केला आणि म्हणालो, "वहिनी, पण मळीची ताकद दिसली की न्हाय शेवटी?"

वहिनींनी तिळगूळ घेतला. कुंडी उचलून भिंतीपासनं लांबच्या खिळ्याला टांगली.

"बघून झालं असंल तर गेट लावून जावा."