हिरवं पाणी आणि तीन गुन्हेगार

एक जर्मन आणि एक फ्रेंच शास्त्रज्ञ डोंगरातल्या पाण्याची वाट शोधायला बीडला आले. सारी मानवजात एक आहे, हे मी वकिली सांभाळून व्यासपीठावरून घसा फोडून सांगत आलोय. आता ते डोळ्यांनी बघायची संधी! दुभाषा म्हणून निघालो.

बैलगाडी बीडमध्येच ठरवावी. वाटेत गाडीवान साहेबी टोपी बघून भाडं सांगतो. कडबा भरपूर अंथरा, रस्ता खडकाळ आहे. चौसाळ्याला भाकरी-ठेचा छान मिळाला. फ्रेंच साहेबांनी ठेचा मुरंब्यासारखा चमचाभर खाल्ला. जर्मन साहेबांनी धावत जाऊन तांब्या आणला. राष्ट्रांची मैत्री इथून सुरू झाली.

डोंगरावर पाणी खडकात गडप होतं, तिथे दोघांनी हिरवा रंग ओतला. तो निघेल तिथवर पाण्याची वाट. फक्त खालच्या गावाला सांगायचं आम्हा तिघा विद्वानांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या पायऱ्यांच्या बारवेभोवती ही गर्दी! पाणी पोपटासारखं हिरवं. मधोमध कासिमभाई रंगारी उभे.

"कासम्या, रंगाची भांडी बारवंत कावून धुतली बे?" पाटील गरजले.

"खुदाकसम पाटील, काल दुकानबी उघडलं न्हाई!"

"आजपासून तुला हितलं पाणी बंद."

रंगाऱ्याचं पाणी बंद म्हणजे धंदाही बंद, चूलही बंद.

तेवढ्यात माझे शास्त्रज्ञ हिरवं पाणी बघून एकमेकांच्या गळ्यात पडले आणि नाचू लागले. जर्मन साहेबांनी उडवलेली टोपी थेट बारवेत पडली.

"वकीलसाहेब, ह्यांना काय झालं?" पाटलांनी मला विचारलं.

मी पायरीवर चढलो. "रंग आम्ही टाकला! त्यानं अपाय होत नाही. कासिमभाई निर्दोष आहेत! विज्ञानाला देश नसतो! हे काम जर्मनीचं, फ्रान्सचं आणि तितकंच माझं!"

एकही टाळी पडली नाही.

"पाणी नासवील त्यानं गाळ काढायचा, ही आमची रीत हाय," पाटील शांतपणे म्हणाले. "काम तितकंच तुमचं म्हनलात न्हवं? खोचा धोतर."

पाणी उपसून तिघेही गुडघाभर चिखलात उतरलो. टोपलीचा एक कान जर्मनीकडे, दुसरा फ्रान्सकडे, खालून रेटायला मी. कासिमभाई पायरीवर बसून वाट दाखवत होते: "सायेब, त्या कोपऱ्यात लई हाय!"

नवं पाणी झिरपलं, निवळलं. पाटलांनी पहिली घागर कासिमभाईंना भरायला लावली.

घरी आल्यावर आठवडाभर हातांच्या फोडांमुळे भाषणात मूठ वळली नाही. विश्वबंधुत्वावर अजूनही तितकाच तावातावाने बोलतो; फक्त "हे काम माझंही" म्हणण्याआधी श्रोत्यांत कुणी पाटील आहे का, ते बघून घेतो.