नीरजाबाईंचं कोरडं बेसिन

नीरजाबाई शाळेत सायन्स शिकवत, पण त्यांचं नाव झालं ते परीक्षेतल्या पर्यवेक्षणामुळे. कॉपी करणारा मुलगा खाली बघत नाही, तो बाईंकडे बघून हसतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे जो हसला त्याचे खिसे आधी उलटे व्हायचे. रिटायर झाल्यावर शाळा सुटली, खिसे तपासायची खोड काही सुटली नाही. यजमान गेल्यापासून सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच. बिस्किटांच्या डब्याचं झाकणसुद्धा त्या ठरावीक कोनात लावत, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. दूधवाला जरा गोड बोलला, की हा आज इतका नम्र का, याचा विचार चहाला उकळी येईपर्यंत चाले.

आणि अशा बाईंच्या घरातल्या गोष्टी बाहेर फुटायला लागल्या.

पहिल्यांदा फुटली ती मोतीबिंदूची. ऑपरेशन ठरल्याचं त्यांनी फक्त नाशिकच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या सुरुचीताई भेटल्या. या सुरुचीताईंची ओळख एका वाक्यात करून द्यायची तर, स्वारगेटच्या चौकशीच्या खिडकीवर मिळत नाही इतकी माहिती त्यांच्याकडे मिळते, आणि तीही न विचारता. त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मग? उजवा की डावा?"

पुढे भाचा पुष्करनं हिंजवडीतली नोकरी सोडली. तेही बहिणीशीच बोलणं झालं होतं. तर सुरुचीताई म्हणतात कशा, हल्ली मुलं घरी बसूनसुद्धा किती दमतात, नाही?

बाईंच्या घरात बाहेरचं माणूस येई ते एकच, केर-फरशी नि भांड्यांची विमलाबाई. यजमान असल्यापासूनची. मग काय, संशयाला लांब जावंच लागलं नाही. दाराला कान लावत असणार, आणि वर जाऊन ओकत असणार. फोन करायला नीरजाबाई मुद्दाम स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत बसत, दार लावून. तिथे कोपऱ्यात एक छोटं बेसिन होतं. पूर्वी विमलाबाई फरशीचं फडकं त्यात धुवायची. पण या गोष्टी फुटायच्या कितीतरी आधीच, तिथे उभी राहून ही वरच्यांशी बोलते, असं बाईंच्या मनानं घेतलं आणि त्यांनी ते बेसिन वापरणंच बंद केलं. फडकं बाथरूममध्ये धुवायचं, असा हुकूम निघाला. तेव्हापासून बाल्कनीत कसलातरी कुबट वास यायचा. तो विमलाबाई फडकं नीट पिळत नाही म्हणून, हेही ठरून गेलं. बाईंनी बेसिनच्या जाळीवर डांबरगोळ्या ठेवल्या आणि शेजारच्या स्टुलावर बसून फोन चालू ठेवले.

मग त्यांनी एक सापळा लावला. विमलाबाईच्या देखत, जणू स्वतःशीच, त्या म्हणाल्या की आपण आता केदारनाथला जाऊन येणार. नंतर सुरुचीताई कधी हटकतात म्हणून जिन्यात रेंगाळल्या. सुरुचीताई लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल बोलल्या, मार्केट यार्डातल्या कांद्याबद्दल बोलल्या, केदारनाथचं नाव नाही. दुसरं कुणी असतं तर विमलाबाई तिथेच निर्दोष सुटली असती. नीरजाबाईंनी वेगळाच निष्कर्ष काढला. बाई पक्की मुरलेली आहे, सापळा ओळखला तिनं!

झालं, तिला काढायचं ठरलं. विमलाबाईची जुनी घरं एकेक करून गेली होती. बिल्डिंगा पाडून नव्या होत होत्या आणि तिथली माणसं पांगली होती. धरून राहिलेलं घर हे एकच. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून बहिणीला सांगताना त्यांचा आवाज थोडा पडला. येत्या रविवारी तिला नको म्हणून सांगते, असं त्या म्हणाल्या. विमलाबाई त्या दिवशी आलीच नव्हती, नातीच्या बारशाला गेली होती.

दुसऱ्या सकाळी जिन्यात सुरुचीताई. "नीरजाताई, विमलाबाईला तुम्ही काढताच आहात, तर माझ्याकडे पाठवाल? आता पगारावरून ती फार आढेवेढे घेणार नाही."

नीरजाबाई जिन्यातूनच मागे फिरल्या. ज्या बाईला स्वतःला काढणार हेच माहीत नाही, ती ते वर जाऊन सांगेल कशी? त्या घरात आल्या आणि फोन न लावताच बाल्कनीत जाऊन बसल्या, श्वास रोखून. थोड्या वेळानं बेसिनमधून कपबशीचा आवाज आला.

"आज फोन नाही केला वाटतं बाईंनी," बेसिन म्हणालं, थेट सुरुचीताईंच्या आवाजात.

"डोळ्यात औषध घातलं असेल. तू टोस्ट आण," हे त्यांचे यजमान, श्रीनिवासराव.

नीरजाबाई गुडघ्यावर बसल्या आणि बेसिनखाली वाकल्या. नळी खाली जाऊन पुन्हा वर वळत होती, मग भिंतीत शिरत होती. त्या वळणात घोटभर पाणी अडून राहतं आणि तेवढंच पाणी मोठ्या पाइपातला वास, झुरळं, आवाज, सगळं पलीकडे थोपवून धरतं, हे त्यांना माहीत होतं. रोज पाणी पडलं तर ते टिकतं, नाही पडलं तर वाळतं. विमलाबाईच्या फडक्यानं ते बिनबोभाट भरलेलं राहायचं. बाईंनी तिला मना केलं आणि वळण कोरडं पडलं. वरच्यांनीही आपल्या बेसिनवर कांदे-बटाट्यांची टोपली ठेवलेली बाईंनी पाहिली होती, म्हणजे त्यांचंही कोरडंच. मधला पाइप दोघांचा एक.

दुसरी बाई रडली असती. नीरजाबाईंनी बंद फोन कानाला लावला आणि बेसिनकडे तोंड करून सावकाश बोलल्या, "अगं, विमलाबाईला नाही काढत. तिच्या तोंडून एक शब्द बाहेर गेलेला नाही. पाइपला कान लावून बसणारी माणसं वेगळीच आहेत. त्यांचे टोस्ट मऊ पडत असतील, आता ठेवते."

वर कप बशीवर आदळला. बाईंनी तांब्याभर पाणी जाळीत ओतलं. गुडगुड झाली आणि सगळं शांत.

विमलाबाई आली तेव्हा तिला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली, आणि फडकं पुन्हा बाल्कनीतल्या बेसिनमध्ये धुवायची परवानगीही. विमलाबाईनं बिस्किट हातातच ठेवलं.

"ताई, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"रोज पाणी जायला हवं त्यातून."

"आणि चहात साखर आज जास्त आहे. खरं सांगा, मला काढणार होतात ना?"

नीरजाबाई तिच्याकडे बघून हसल्या.

विमलाबाईनं ते हसू नीट बघून घेतलं. "बरं," म्हणाली आणि फडकं धुवायला गेली.