टेगनसारखी बत्ती

लॉरेल नीबोन आठवडाभर लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवायची आणि रविवारी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियरच्या आसपासच्या पाणगुहांत उतरून त्यांचे नकाशे काढायची. उजव्या मनगटावर होकायंत्र, डाव्या हातात पाण्यात न भिजणारी वही. गुहांत उतरणाऱ्यांच्या मंडळात या कामाला तिच्यापुढे कुणी नव्हतं.

मग टेगन आली. जेमतेम पंचविशीची, पाण्याखालीसुद्धा अक्षर मोत्यासारखं, हाताच्या पाठीवर बांधायची झकपक बत्ती. मंडळाचा म्होरक्या ब्राइस म्हणाला, "नोंदी बघा पोरीच्या." लॉरेलच्या पोटात दुखायला लागलं. तिनं तश्शीच बत्ती मागवली.

एका कुरणाखाली गुहेचा नवा फाटा सापडला. ब्राइसनं ठरवलं, दोघींनी आधी जुन्या बोगद्यातल्या, वाट दाखवणाऱ्या दोरीची लांबी-दिशा अशी मापं घ्यायची. जिची अचूक, ती फाट्यात पहिली. वर येऊन गाडीच्या मागच्या फळीवर वह्या उघडल्या, तर दिशांचा मेळच बसेना.

"गाळ उठला होता," टेगन म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

हा समजूतदारपणा तर लॉरेलला अगदीच सोसेना. "असेल काय, चुकलंच," असं म्हणून तिनं बत्ती सोडून फळीवर आपटली. शेजारी ठेवलेल्या होकायंत्राचा काटा गर्रकन बत्तीकडे वळला.

बत्तीच्या बटणात लोहचुंबक. टेगन बत्ती डाव्या हाताला बांधायची, होकायंत्र उजव्या. लॉरेलचा डावा हात वहीत गुंतलेला, म्हणून दोन्ही उजवीकडेच. कशी बांधतात ते बघायला नको? बाईनं फक्त झगमगाट बघितला.

ब्राइस पाठमोरा चहा ओतत होता, टेगन आपल्या वहीत वाकलेली. बत्ती गुपचूप बाजूला सरकवली असती तर संपलं होतं. पण या आकड्यांचा नकाशा होणार, आणि त्याच्या भरवशावर माणसं आत शिरणार.

"ब्राइस, माझे आकडे खोड. बत्तीचं चुंबक काटा ओढतंय."

"अगं, बांधायची कशी ते मी सांगितलं असतं," टेगन म्हणाली. "तू विचारलंच नाहीस."

"तुला विचारणार होते होय."

पुढच्या रविवारी फाट्यात टेगन पुढे गेली. मागून लॉरेल, तिच्या प्रत्येक आकड्यावर डोळा ठेवून. परत येईपर्यंत एकही चूक हाती लागली नाही, आणि त्यानं तर तिचा दिवसच नासला.