तोल कानामुळे गेला, दारूमुळे नव्हे

मित्रहो, आज सकाळी वडगावात घरासमोर भोवळ येऊन मी पडलो. शेजारच्या आक्कांनी हात देण्याआधी माझ्या तोंडाचा वास घेतला.

“वैनी गेल्यापास्नं सुरू केलासा व्हय, अण्णा?”

डॉक्टर म्हणाले, आंतरकर्णात बिघाड आहे; ऐकणे आणि तोल, दोन्ही तिथूनच सांभाळले जाते. यंत्रमागाच्या खडखडाटात आम्ही पती-पत्नी खुणांनीच बोलत असू. त्यामुळे मला कमी ऐकू येते, हे ती असेपर्यंत कळलेच नाही.

दुपारी सुनेचा फोन आला. “मामा, सुट्टीत पोराला तिकडं पाठवत न्हाय.” आक्कांनीच कळवले असावे, असा माझा दाट संशय आहे.

कानामुळे कुणाला भोवळ आली असल्यास कृपया खाली लिहावे. मी ते सुनेला पाठवीन.